पंधरा किलोचं मशीन आणि आजीची गोधडी

मला वॉशिंग मशीन चालताना बघायला आवडतं. ऑफिसात चहाच्या टेबलावर हे एकदा बोलून गेलो आणि तेव्हापासून लोक माझ्याशी जरा जपूनच बोलतात :-) बुलेटचा आवाज ऐकून मान वळवलेली चालते, जुन्या कॅमेऱ्यांवर पगार उडवलेला चालतो, पण गोल काचेआड चादरी फिरताना बघत बसलेला माणूस म्हणजे... असो. मंडळी, तुमच्यातही एखादा धुणंवेडा असेलच. लाजू नका.

घरातल्या सात किलोच्या मशीनवर मात्र माझा जीव नाही. त्याला बटणं फार, आणि धुणं संपलं की ते गाणं म्हणतं. आपलं प्रेम हॉस्पिटलात, लॉन्ड्रीत, मोठ्या हॉटेलांच्या तळघरात असतं त्या धुडावर. जाड स्टीलचा ड्रम, कढईएवढं दार, आणि काही मशीनं तर थेट काँक्रीटच्या पायात अँकर बोल्टांनी आवळलेली. हॉस्पिटलच्या काही मशीनांना दोन दारं असतात. मळके कपडे एका खोलीतून आत जातात, धुतलेले भिंतीपलीकडच्या दुसऱ्या खोलीत निघतात. मधे भिंत, म्हणजे जंतूंना परतीची वाट नाही. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी आयटीची (तुमच्यापैकी निम्म्यांची हीच गोष्ट), त्यामुळे मशीन उघडून दुरुस्त करता येतं की नाही हे मी आधी बघतो. बऱ्याच घरगुती फ्रंट लोडरचा बाहेरचा टब हल्ली कायमचा जोडून बंद केलेला असतो. बेअरिंग गेलं की अख्खा टब बदला. लॉन्ड्रीच्या मशीनचं बेअरिंग बदलायचंच आहे असं धरून ते बांधलेलं असतं. बोल्ट काढा, पत्रा बाजूला करा, बेल्ट, शाफ्ट, ड्रेन व्हॉल्व सगळं समोर. धुणंवेड्यांना भुरळ पडते ती इथे.

आता थोडी थिअरी. पळू नका, दोनच मिनिटं. १९५९ साली हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिनरने मांडलं की धुणं चार गोष्टींवर चालतं: वेळ, तापमान, साबण आणि आपटणं-घासणं. एक कमी पडली तर बाकीच्यांनी भरून काढायची. फ्रंट लोडरमध्ये आपटण्याचं काम ड्रम करतो. कपडा वर नेतो आणि खाली टाकतो. पन्नास सेंटीमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ६० फेऱ्यांच्या वर गेला की कपडे भिंतीला चिकटून फिरतात, पडतच नाहीत. सत्तर सेंटीमीटरला ही मर्यादा ५० वर येते, एक मीटरला ४२ वर. म्हणून मोठं मशीन धुताना सावकाश फिरतं, पण कपडा जास्त उंचीवरून पडतो. धप्प... धप्प... घाटावर धोबी हेच करतो. मुंबईचा महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० चा. २०११ साली एकाच जागी ४९६ जणांनी हाताने कपडे धुतले म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्याच घाटावर आज मोठी मशीनंही चालतात.

हे वेड मला लागलं कुठून, तर आमच्या नरखेड तालुक्यातून. जाम नदी काटोलकडून आमच्या भागात येते आणि जलालखेड्याजवळ वर्धेला मिळते. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं हा रिवाज तुमच्याकडेही असेल. आमच्याकडे त्या दिवशी बैलबंडीभर गोधड्या नदीवर जायच्या, नि मागून आई, काकू, आत्या. सोड्यात भिजवायचं, दगडावर टाकून मोगरीने बडवायचं. नदीवर गरम पाणी नसतं, म्हणजे सिनरसाहेबांच्या हिशोबात तापमानाची उणीव बायांनी मनगटानं भरून काढायची. मला कौतुक पिळण्याचं. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला काकू, मधे सापासारखी पीळ घातलेली गोधडी.

मागच्या दिवाळीत मी एक गोधडी काट्यावर टाकून बघितली. कोरडी साडेतीन किलो, भिजल्यावर दहाच्या वर. अशा आठ. आणि आता आईचे गुडघे गेलेत. नदीला वाहत्या पाण्याचा भरवसा उरला नाही, बोअर खोल खोल चाललेत, आणि असेल ते पाणी आधी संत्र्याच्या झाडांना. गोधडीचा नंबर शेवटी. घरच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोधडी कोंबली तर ती फिरत नाही, नुसती फुगून बसते.

आई मागच्या श्रावणात पुण्याला आली तेव्हा येताना दोन गोधड्या बांधूनच आणल्या. कोपऱ्यावर पंधरा किलोच्या मशीनवाली लॉन्ड्री आहे, तिथे घेऊन गेलो. एक आत गेली. आई काचेसमोरच्या स्टुलावर बसली, मी शेजारी.

"हे तं आपटूनच राहिली," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मले वाटलं नुसती घोळते."

मला इतका आनंद झाला की मी तिला ड्रमचा व्यास सांगायला लागलो. तिने हातानेच गप्प केलं. मग पिळणं सुरू झालं, फरशी थरथरायला लागली, आणि आईने पिशवीतली दुसरी गोधडी मांडीवर ओढून घेतली. ती आजीने शिवलेली. आजीच्या नऊवारी लुगड्यांची, हातटाक्यांची.

"हे मी नाही देत बरं याच्यात. टाके उसवतीन माझ्या सासूचे."

घरी येऊन गणित केलं. सत्तर सेंटीमीटरचा ड्रम मिनिटाला ८५० फेऱ्यांनी पिळत असेल तर कापडावर गुरुत्वाच्या सुमारे २८० पट जोर येतो. निथळून उरलेली सहा किलोची गोधडी धरली तरी दीड टनाच्या वर. तीस वर्षं जुन्या सुती दोऱ्याने ते का सोसावं? आईचं बरोबर होतं, आणि तिने कॅल्क्युलेटर वापरला नव्हता. आजीची गोधडी मी बाथरूमच्या टबात पायाने तुडवून धुतली. पाऊण तास लागला. कंबर दोन दिवस बोलत होती.

बाकीच्या सातांचं मात्र आईने ठरवून टाकलं. यापुढे नदी नाही, मोगरी नाही. "ते एक माह्याजवळ राहू दे. बाकीच्या घाल त्या मशीनीत." नदीवर सगळ्या जमायच्या त्याची आठवण येत नाही का, असं मी हळूच विचारलं. (आमच्यासारख्या शहरात राहणाऱ्यांना असले प्रश्न सुचतात.) ती म्हणाली, "जमाले काय, चहा पियाले जमता येते."

आता अडचण अशी की ते मशीन पुण्यात आहे आणि गोधड्या नरखेडला. गावातल्या परीटकाकांना सहज सांगितलं. त्यांच्याकडे धुणं आता फारसं येत नाही, सगळी भिस्त इस्त्रीवर. घरात गाडगेबाबांचा फोटो आहे. तेही परीट कुटुंबातलेच, आणि आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. काका बराच वेळ मशीनचे फोटो बघत राहिले. मी बेअरिंगचं कौतुक करत होतो, ते दाराची उंची विचारत होते. ओली गोधडी बाहेर काढताना किती वाकावं लागतं, हे.

परवा रात्री त्यांच्या मुलाचा फोन आला. मंगल कार्यालयांच्या गाद्यांचे कव्हर, होस्टेलच्या चादरी, दसऱ्याच्या गोधड्या, असं सगळं त्याने वहीत मांडलंय. "भाऊ, थ्री फेज नसन तं चालते काय? आन् आपलं बोअरचं पाणी जड, साबनाले फेस नाही येत, त्याचं काय करता?"

सध्या माझ्याकडे एक एक्सेल शीट उघडी आहे. एका किलोमागे पाणी, वीज, साबण, आणि पाणी हलकं करायच्या टाकीचं मीठ. सेकंडहँड मशीनचा कॉलम अजून रिकामा आहे. पुढच्या शनिवारी नागपूरला एका जुन्या लॉन्ड्रीवाल्याकडे जाऊन, पत्रा उघडून, शाफ्ट हाताने हलवून बघणार आहे. परीटकाका बरोबर येतायत. दार किती उंचीवर आहे ते त्यांना स्वतः बघायचंय.