सापडलेल्या फोनचा भाव

सोलापूर,
जानेवारी २०२६

चि. भाच्यास,


गड्डा यात्रेच्या गर्दीत होम मैदानावर तुझा फोन पडला, तू तसाच पुण्याला परतलास आणि ज्याला तो सापडला तो माणूस आता पाच हजार मागतो आहे, हे अक्काकडून कळलं. तिनं फोन लावला तेव्हा पडद्यावर ‘आई’ उमटलं, त्यानं उचलला, आणि नंतर स्वतःच्या नंबरवरून दोनदा बोलला. ‘तीस हजाराचा फोन आहे की, पाच मागतोय, काय जास्त?’ हे त्याचं म्हणणं. देऊन टाकावेत आणि मोकळं व्हावं, हे अक्काचं. तुझ्या वडिलांना मात्र पोलिसांची गाडी थेट त्याच्या दारात उभी करायची आहे. तू दोघांचंही लगेच ऐकू नकोस. कायदा या बाबतीत बराच जुना आणि बराच शहाणा आहे, तो आधी बघ.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या ७१व्या कलमानुसार दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती स्वतःच्या ताब्यात घेतो, त्याच्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. कुणी विश्वासानं ठेवायला दिली असती तर जेवढी आली असती, तेवढीच. रस्त्यात पडलेली वस्तू न उचलता पुढं जायला प्रत्येकजण मोकळा आहे. उचलली की सांभाळणं आलं. पण त्याच कायद्याचं १६८वं कलम उचलणाऱ्याच्या बाजूनंही बोलतं. वस्तू जपायला आणि मालक शोधायला त्यानं जो खर्च केला, जो त्रास घेतला, त्याची भरपाई मिळेपर्यंत त्याला वस्तू अडवून ठेवता येते. त्या भरपाईसाठी मालकावर दावा मात्र लावता येत नाही. म्हणजे त्या माणसानं रिक्षा केली असेल, कामाचा खाडा करून कुणाकुणाला विचारत फिरला असेल, तर तेवढं मागणं गैर नाही. यंत्रमागावर जाणाऱ्याचा एक दिवस बुडाला तर आठवड्याच्या पगारात तो दिसतो. पण हा सगळा हिशेब खर्चाचा आणि त्रासाचा झाला. फोनची किंमत काढून तिचा सहावा हिस्सा मागायचा, याला त्या कलमात आधार नाही.

आता यातली खोच. मालकानं स्वतः होऊन ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल, तर ज्याला वस्तू सापडली तो त्यासाठी दावाही लावू शकतो आणि बक्षीस हातात पडेपर्यंत वस्तूही ठेवू शकतो. तू घाबरून ‘आणून देणाऱ्यास पाच हजार’ असं सगळ्या ग्रुपांवर टाकलं असतंस, तर आज त्या माणसाची बाजू भक्कम असती. आपल्याकडून कुणीही आकडा उच्चारलेला नाही. तसंच राहू दे.

बक्षिसावरून आपल्याकडे झालेले दोन खटले कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. १९१३ साली कानपूरच्या गौरी दत्त यांचा पुतण्या घर सोडून गेला. त्यांनी आपला मुनीम लालमन शुक्ल याला भाड्याचे पैसे देऊन हरिद्वारकडे शोधायला धाडलं. तो निघून गेल्यावर ५०१ रुपयांच्या बक्षिसाची पत्रकं निघाली. लालमनला मुलगा ऋषिकेशात सापडला, त्यानं तो घरी आणला आणि पुढे बक्षिसासाठी दावा लावला. अलाहाबाद उच्च न्यायालयानं तो फेटाळला. बक्षिसाची गोष्ट ठाऊकच नव्हती, तर ती स्वीकारली कशी म्हणायची? शिवाय शोधणं हे त्याला आधीच सोपवलेलं काम होतं. १९२५च्या खटल्यात उलट झालं. हरचरण लाल यांनी हरवलेल्या मुलासाठी ५०० रुपये जाहीर केले होते. हरभजन लाल यांना तो मुलगा रेल्वे स्थानकाजवळच्या धर्मशाळेत दिसला. त्यांनी त्याला रेल्वे पोलिसांकडे नेलं, वडिलांना तार केली, आणि न्यायालयानं बक्षीस द्यायला लावलं. जाहीर केलेला शब्द पाळावा लागतो. जो दिलाच नाही, तो कुणी वसूल करू शकत नाही.

मग पैशांसाठी अडून बसलेला माणूस चोर म्हणायचा का? सरसकट नाही, पण तो कडेला येऊन उभा आहे. भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगानं १८३७ साली केला, कायदा झाला १८६० साली. त्यात अपहाराच्या ४०३व्या कलमाखाली छोटी छोटी उदाहरणं दिली होती. रस्त्यावर रुपया सापडला आणि तो कुणाचा हे ठाऊक नाही, तर उचलणारा गुन्हेगार नाही. भारी अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेताच ती विकली, तर गुन्हेगार. पैशांचं पाकीट सापडलं, मालक ठाऊक नव्हता, पुढे कळला, आणि तरी पैसे वापरले, तर तोही गुन्हेगार. तुझ्या फोनवाल्याला मालकाची आईच बोलली आहे, म्हणजे तो पाकीटवाल्याच्या रांगेत बसतो. फोन स्वतः वापरायला लागला किंवा विकला की झालं. १ जुलै २०२४पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत ३१४वं आहे आणि आता त्यात किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद आणि दंड आहे. मात्र गुन्हा अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास सुरू करू शकत नाहीत, म्हणून तुझ्या वडिलांच्या मनातली ती गाडी लगेच निघणार नाही. ‘पैसे दे, नाहीतर आतले फोटो सगळीकडे टाकतो’ असं तो म्हणाला असता तर प्रकरण खंडणीचं झालं असतं. तिथं ३०८वं कलम लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. अजून तरी तो तसं बोललेला नाही.

खरी भीती दुसऱ्याच माणसाची आहे. ‘फोन माझ्याकडे नाही, पण कुणाकडे आहे ते ठाऊक आहे, पाच हजारांत काढून देतो’ असं म्हणणाऱ्याची. या धंद्यातला गाजलेला माणूस लंडनचा जोनाथन वाइल्ड. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं हरवल्या-चोरल्या वस्तू शोधून देण्याची कचेरीच थाटली होती. ज्यांचं काही गेलंय ते लोक येत, वाइल्ड विचारपूस करी, आणि काही दिवसांत वस्तू हजर! बहुतेक वस्तू त्याच्याच टोळीनं उचललेल्या असत. लोक त्याला दुवा देत, तो स्वतःला चोर पकडणाऱ्यांचा सेनापती म्हणवून घेई. शेवटी १७१८ साली तिथल्या संसदेनं कायदा केला, की चोराला पकडून न देता चोरीची वस्तू परत करण्याबद्दल पैसे घेणं हाच गुन्हा. वाइल्ड त्यातच अडकला. होलबर्नमधल्या एका दुकानदारीणबाईंच्या चोरीला गेलेल्या लेसच्या प्रकरणात चोरीच्या आरोपातून तो सुटला, पण ती लेस परत मिळवून देण्याबद्दल दहा गिनी घेतल्याचं शाबीत झालं. आणि त्या घेतल्या होत्या तुरुंगात बसून! २४ मे १७२५ रोजी त्याला टायबर्नला फासावर दिलं.

मेकॉलेच्या मंडळींना हा इतिहास ठाऊक असणारच. आपल्या दंड संहितेत २१५वं कलम आलं, ते आता न्याय संहितेत २५२वं. गुन्ह्यामुळे गेलेली वस्तू मिळवून देतो म्हणून मोबदला घेणारा किंवा घ्यायला तयार होणारा, गुन्हेगाराला पकडून शिक्षा व्हावी म्हणून हाताशी असलेले सगळे उपाय करत नसेल, तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. आणि हा गुन्हा दखलपात्र. म्हणजे फोन उचलून बसलेल्यापेक्षा मध्यस्थावर कायदा लवकर हात टाकू शकतो. उद्या तुझ्या माणसानं सूर बदलला आणि ‘फोन दुसऱ्याकडे गेलाय’ असं सांगायला लागला, तर ते वाक्य कधी आणि कोणत्या नंबरवरून आलं, एवढं लिहून ठेव.

दुसऱ्या काही देशांत बक्षिसाची देवघेव मोघम ठेवलेलीच नाही. जपानमध्ये वस्तू ज्याला सापडली त्याला मालकानं तिच्या किमतीच्या पाच ते वीस टक्के द्यायचे, असा कायदाच आहे. वस्तू पोलिसांत जमा होते आणि तीन महिन्यांत मालक आला नाही तर एरवी ती ज्याला सापडली त्याची होते. मोबाइल मात्र होत नाही, कारण त्यात माणसाची खासगी माहिती असते. जर्मनीत पाचशे युरोपर्यंतच्या किमतीवर पाच टक्के, त्यावरच्या रकमेवर तीन. मला जपानची रीत पटते. टक्का ठरलेला असला की घासाघीस उरत नाही, आणि प्रामाणिक माणसाला हात पसरावा लागत नाही. आपला १८७२चा कायदा खर्च देतो, पण प्रामाणिकपणाची किंमत मालकाच्या मर्जीवर सोडतो. बरेच मालक फोन हातात पडला की ‘थँक्यू’ म्हणून रिक्षात बसतात, हेही खरं. तुझ्या माणसाला असा अनुभव आधी आला नसेल कशावरून?

आता तुझ्या हातात काय आहे ते. सिम तू त्याच रात्री बंद केलंस आणि बँकेलाही कळवलंस, हे उत्तम. पुढचं काम केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या सीईआयआर या नोंदवहीचं. तिची सुरुवात प्रायोगिक म्हणून सप्टेंबर २०१९मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच झाली. १६ मे २०२३ला संचार साथी या संकेतस्थळामार्फत ती देशभर लागू झाली, आणि जानेवारी २०२५पासून त्याचं अ‍ॅपही आहे. प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो, दोन सिमच्या फोनला दोन. तो कळवून फोन ब्लॉक केला की चोवीस तासांच्या आत देशातल्या सगळ्या मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावर तो निकामी होतो. कुणी त्यात नवं सिम घातलं तर त्याचा माग निघतो आणि पोलिसांना कळतं. सोलापुरात पोलीस ‘गहाळ मोबाइल’ मूळ मालकांना परत देण्याचे कार्यक्रम अधूनमधून घेतात आणि पेपरात फोटो येतात, त्यामागे बरंचसं हेच यंत्र असतं. फोन परत मिळाल्यावर त्याच ठिकाणी विनंती करून ब्लॉक काढता येतो, तेव्हा ती काळजी नको.

यानं सौदाच पालटतो. कुलूपबंद आयफोन २०१३पासून आणि अँड्रॉइड फोन २०१५च्या सुमारापासून पुसून कोरा केला तरी जुन्या मालकाचं खातं मागतो. त्यात ब्लॉक झाला, की अडवणाऱ्याच्या हाती सुट्या भागांची किंमत राहते. आयएमईआय बदलून घेऊ म्हणेल, तर २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. हे त्याला धमकी म्हणून सांगू नकोस. धमकी दिली की तो नंबर बंद होईल आणि फोन पडद्यासाठी आणि बॅटरीसाठी उघडला जाईल.

एक सावधगिरी मात्र ठेव. ‘तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी इथं दाबा’ असा संदेश आला तर दाबू नकोस. कंपनीच्या पानासारखं हुबेहूब पान उघडतं, ते पासवर्ड मागतं, आणि तो दिला की कुलूप त्यांच्यासाठी उघडतं.

त्याच्याशी बोलणं मी करीन. खर्च झाला असेल तो देतो, कामाचा खाडा पडला असेल तर तोही धरतो, फोन घेऊन पोलीस ठाण्यात ये, किंवा तिथं जमा कर, असं सांगणार आहे. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, कुठल्या तरी टपरीवर, संध्याकाळी, एकट्यानं भेटायचं, हे काही जमणार नाही. आला तर खर्च वेगळा आणि त्यावर पाचशे-हजार आपल्या खुशीचे, ठाणे अंमलदारांच्या समोर. आलाच नाही तर त्याचा नंबर आपल्याकडे आहे, तो पोलिसांना द्यायच्या अर्जात लिहू. आणि अर्जात ‘गहाळ’ लिहायचं की ‘चोरी’, हे तू ठरवायचंस: खिशातून कुणी काढल्याचं जाणवलं असेल तर चोरी म्हण आणि एफआयआरचा आग्रह धर, पडला असेल तर गहाळच लिही, उगाच फुगवू नकोस.

तू एवढं कर. जुन्या नंबरचं नवं सिम घे. नव्या सिमवर एसएमएस पहिले चोवीस तास बंद असतात आणि सीईआयआरचा ओटीपी एसएमएसनं येतो, म्हणून उशीर नको. फोनचं खोकं माळ्यावर असल्याचं अक्का म्हणाली. त्यावरच्या चिठ्ठीवरचे दोन्ही आयएमईआय उतरवून घे. खरेदीचं बिल सापडलं नाही तर दुकानातून दुसरी प्रत माग. ते, ओळखपत्राची प्रत आणि सहीचा अर्ज शुक्रवारपर्यंत माझ्याकडे पाठव. ठाण्याच्या शिक्क्याची पोच मिळाली की तिचा फोटो तुला पाठवीन, तो संचार साथीवर चढव आणि फोन ब्लॉक कर. तोवर त्या माणसाला एक रुपयाही पाठवू नकोस, आणि अक्कालाही पाठवू देऊ नकोस.

तुझा
मामा