खिंडीपलीकडचे वाळवंट

लेहला पोहोचल्यावर निदान दोन दिवस काहीही न करता पडून राहावे, असे मला तिघांनी बजावले होते. मी एकच दिवस पडलो. कॉलेजची सुटी मोजकी, परतीचे विमान ठरलेले, आणि नुब्रा खोऱ्यातले हुंदर नकाशावर अवघे सव्वाशे किलोमीटर! पुण्याहून महाबळेश्वर एवढेच की, असा हिशेब मी केला. सौ.चे डोके रात्रीपासून दुखत होते. ‘प्रवासाचा शीण’ हे निदानही माझेच. मराठीच्या प्राध्यापकाने वैद्यकीत बोलू नये, हे तेव्हा सुचले नाही.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तेथून खारदुंग ला ३९ किलोमीटर. तेवढ्यात रस्ता आणखी अठराशे मीटर चढतो. ‘ला’ म्हणजे खिंड. हिची उंची १८,३८० फूट असे वर्षानुवर्षे सांगितले जाई; नव्या मोजणीत ती १७,५८२ फुटांच्या आसपास भरते. आठशे फुटांच्या या सवलतीने छातीला काही दिलासा मिळत नाही. हवेचा दाब तेथे समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडासाच अधिक.

माथ्यावर रंगीत पताका फडफडत होत्या. मी फोटो काढायला उतरलो. परत येऊन पाहतो तो सौ. मोटारीच्या दाराला डोके टेकून बसलेली, ओठ निळसर. “अहो, मुलांना डबा दिलात का?” तिने विचारले.

मुले पुण्याला आजीजवळ होती.

माझे हातपाय गळाले. आमचा लडाखी ड्रायव्हर पोरसवदा. पण त्याने एकदाच तिच्याकडे पाहिले, प्राणवायूची नळी तिच्या नाकाशी लावली आणि मोटार सुरू केली. लेहच्या बाजूला बर्फाच्या चिखलात एक ट्रक रुतून रस्ता अडला होता. “पुढेच जाऊ, सर. खाली उतरणं हेच औषध,” तो हिंदीत म्हणाला. पुढचा तास मी बाहेरचे काहीही पाहिले नाही. त्या बाजूचे निसर्गवर्णन हवे असणाऱ्यांनी दुसरा लेख पाहावा.

खारदुंग गाव आले. तेथे तिने पाणी मागितले, घोटभर प्याली आणि म्हणाली, “हे कुठलं गाव?” इतका शहाणा प्रश्न मी आजवर ऐकलेला नाही.

दिस्किटच्या दवाखान्यात रात्रभर प्राणवायू आणि मला डॉक्टरांची बोलणी, दोन्ही मिळाले. विमानाची तिकिटे मी तेथूनच रद्द केली.

हुंदर तेथून जवळच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही गेलो. चारी बाजूंना बर्फाची शिखरे आणि मध्ये करड्या वाळूच्या टेकड्या! श्योक नदीने आणलेला गाळ खोऱ्यातला वारा उचलतो आणि असा रचून ठेवतो. दोन वशिंडांचे उंट रांगेने बसले होते. लेह-यारकंद व्यापारात त्यांच्या पूर्वजांनी ओझी वाहिली. १९५० च्या सुमारास तो मार्ग बंद पडला आणि उंट इकडेच राहिले. आता ते पर्यटक वाहतात. एकाने माझ्याकडे असे पाहिले, की मी बसायचा विचार सोडला.

‘वाळवंट’ म्हटले की आपली मुले राजस्थान लिहितात. संतांच्या अभंगांतले वाळवंट नदीकाठचे, हे मला दरवर्षी वर्गात सांगावे लागते. सौ.चे माहेर पंढरपूर. तिला कोणी सांगायला नको. चपला काढून ती वाळूत बसली, मूठभर वाळू घेऊन तिने बोटांतून सोडली.

“चंद्रभागेची याहून जाड असते,” ती म्हणाली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, “परत त्याच खिंडीतून जायचं ना?”

“हो. पण तू म्हणशील तेव्हा.”

“मग परवा,” ती म्हणाली, आणि दुसरी मूठ भरली.