कडेवर बसणाऱ्याचं काम

तीर्थस्वरूप मामांस,


होडी तुझी नाही, सुकाणू तुझ्या हातात नाही, घरी मासळीही यायची नाही, मग दिवसभर त्या शर्यतीत करतोस काय, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

साउथॅम्प्टनसमोर आयल ऑफ वाइट हे बेट आहे. दर उन्हाळ्यात एका शनिवारी त्याला वळसा घालण्याची शर्यत असते. काउस गावाहून निघायचं, बेट डाव्या हाताला ठेवायचं आणि फिरून काउसलाच यायचं. अंतर सुमारे 50 सागरी मैल. बऱ्याच वर्षी होड्या हजारावर जातात, म्हणून गटागटाने, तोफेच्या बारावर सोडतात. तारीख ठरते ती भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून. सकाळची ओहोटी पश्चिमेला धावते, तिच्या पाठीवर बसूनच सगळे निघतात. हर्स्टच्या चिंचोळ्या वाटेत ती अशी ओढते की होडी पाण्यावर चालतेय की पाणीच होडीला नेतंय, कळत नाही. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान) यांतला फरक इथल्या पुष्कळ हौशी मंडळींना छापील कोष्टकातून शिकावा लागतो. मला तो तुमच्या ओटीवर बसून कळला होता, आणि इथे माझी थोडी पत आहे ती त्यामुळेच.

आता माझं काम. इथे वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणजे सुरुवातीलाच नाकासमोर. होडी एका अंगावर कलते. जितकी कलेल तितकी शिडाची ताकद वाया जाते. म्हणून आम्ही पाच-सहा जण वाऱ्याकडच्या कडेवर ओळीने बसतो, पाय बाहेर सोडून. थोडक्यात, मी वजन आहे. स्किपरने हाक दिली की नाळ वाऱ्यातून पलीकडे फिरते, आम्ही शिडाखालून रांगत दुसऱ्या कडेला जातो आणि पुन्हा पाय बाहेर. सोलंटमध्ये, म्हणजे बेट आणि मुख्य किनारा यांमधल्या सामुद्रधुनीत, हे किती वेळा होतं ते मोजायच्या फंदात कोणी पडत नाही. गुडघे मात्र निळे होतात. मधेच कोणी केळं खायला उठलं तर स्किपर मागून ओरडतो.

यात मजा काय, असं मामी विचारतील. नीडल्सला पोचल्यावर कळतं. बेटाचं हे पश्चिम टोक म्हणजे समुद्रात उभे पांढऱ्या खडूचे सुळके, शेवटी दीपगृह. दीपगृहाजवळ पाण्याखाली 1947 साली आपटलेल्या वर्वासी नावाच्या ग्रीक मालवाहू जहाजाचे अवशेष आहेत. त्याच्यावर संत्री आणि दारू होती. दीपगृहाला चिकटून गेलं तर अंतर वाचतं, म्हणून दरवर्षी कुणीतरी मोहात पडतं आणि काहींच्या होडीचा तळ त्या सांगाड्यावर घासतो. आमचा स्किपर लांबून जातो. भित्रा आहे म्हणा, पण होडी त्याच्या पैशाची आहे.

दीपगृह मागे पडलं की वारा समोरचा राहत नाही आणि स्पिनेकर, म्हणजे पुढचं फुग्यासारखं मोठं शीड, वर चढवायचं असतं. त्याचा दोर माझ्याकडे. नाळेवरचा गडी हात वर करतो, मी ओढतो. अर्धा क्षण उशीर झाला की शीड पाण्यात, लवकर झालं की स्वतःभोवतीच पीळ घेऊन बसतं. बरोबर चढलं तर ते फटकन उघडतं, आणि सकाळपासून धडपडणारी होडी निमूट धावू लागते. त्या फटकन आवाजासाठी मी पुढच्या वर्षीही कडेवर बसायला तयार असतो.

पुढे सेंट कॅथरीनच्या टोकाशी तळ उंचसखल असल्याने पाणी उकळल्यागत होतं. निम्म्यांना तिथे ओकारी येते. मग राइडची वाळू: उलटा ओघ चुकवायला किनाऱ्याला लगटून जायचं आणि तरी रुतायचं नाही. प्रत्येक वर्षी काही होड्या तिथे रुततात, आणि बाकीचे त्यांच्याकडे न बघितल्यासारखं करून पुढे जातात.

तुम्हाला आवडेल असं एक. पाण्यावर शिट्टी घेतलेला पंच नसतो. कोणी हक्क मोडला तर त्याने आपणहून दोन गिरक्या घ्यायच्या, मागे पडायचं आणि पुढे चालायचं. फसवणारेही असतात, पण त्यांचं नाव बंदरात टिकत नाही.

श्रीमंतांचा खेळ, हे तुमचं म्हणणं मान्य आहे. पण मालकांना माणसं कमी पडतात. बुधवारी संध्याकाळी शर्यतींच्या वेळी धक्क्यावर लाइफजॅकेट घेऊन उभं राहिलं की कुणीतरी बोलावतंच. पगार नाही, डबा आपला. आणि होड्यांच्या क्षमतेप्रमाणे वेळेला गुणक लावतात, त्यामुळे मोठीच जिंकते असं नाही. सगळ्यात वेगवान होड्यांनी अडीच तासांच्या आतही फेरी संपवली आहे, आम्हाला आठ-दहा तास लागतात. 1931 साली पहिली शर्यत झाली तेव्हा 25 होड्या होत्या. जिंकली पीटर ब्रेटची 22 फुटी मेरी कन्सीट, कॉर्नवॉलची मासेमारीची होडी. बक्षिसाचा सोन्याचा वाडगा तिलाच मिळाला.

तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात यायचं म्हणता, तर पासपोर्टचं नूतनीकरण आताच करून घ्या. बुधवारच्या एका शर्यतीला तुम्हाला नेण्याबद्दल स्किपरला विचारलंय, तो हो म्हणालाय. रबरी तळव्याचे बूट आणा, चप्पल चालत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा