घराबाहेरचा वाचक

प्रिय मुग्धा,

इराला शाळेतून काढून घरीच शिकवायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत. त्यावर मी मत देत नाही. मत देणारे तुला रोज भेटत असतील. तू विचारलंस ते एवढंच, की नऊ वर्षांच्या मुलीकडून लेखन कसं करून घ्यावं आणि निबंधांचं कुठलं पुस्तक आणावं. पुस्तक आणू नकोस. ‘मी पंतप्रधान झालो तर’, ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ हे विषय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि त्यांतल्या एकाचंही उत्तर कुणाला खरोखर हवं नसतं. मूल लिहितं, बाई लाल पेनाने खुणा करतात, आणि काय लिहिलेलं असणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असतं. शाळेतल्या लेखनाचं हे जुनं दुखणं आहे. शाळा सुटली की तेही सुटेल, असं तुझ्या पत्रावरून तुला वाटतंय. मला उलट वाटतं. घरी ते जास्त बळावण्याची भीती आहे, आणि तेही तुझं इरावर प्रेम आहे म्हणूनच.

लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं भाषा आणि विचार यांवरचं पुस्तक 1934 साली आलं, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी. बोलता येणाऱ्या मुलाला लिहिणं इतकं जड का जातं, हा त्यातला एक प्रश्न. हाताला वळण नसतं किंवा अक्षरं येत नाहीत, एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. बोलताना समोर माणूस असतो. तो मान हलवतो, कपाळाला आठ्या घालतो, मध्येच प्रश्न विचारतो, आणि त्या आधारावर बोलणं पुढे सरकतं. लिहिताना समोर कुणीच नसतं. ऐकणारा कल्पनेने उभा करावा लागतो आणि त्याच्या शंकाही आपल्या आपणच काढाव्या लागतात. याच्या दुसऱ्या टोकाला वायगॉट्स्की टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’मधले किटी आणि लेविन ठेवतो. शब्दांची नुसती आद्याक्षरं लिहून ते दोघं एकमेकांना प्रेमाची कबुली देतात. ओळख जितकी गाढ, तितके शब्द कमी लागतात.

आता तुमचं घर बघ. इरा म्हणते, ‘‘ते परत तसंच झालं,’’ आणि तुला सगळं कळतं. काय झालं, कुठे, कुणामुळे, हे तिला सांगावं लागत नाही. तिने लिहिलेलं तू वाचतेस तेव्हा कागदावरची तीन वाक्यं आणि तुझ्या मनातली सात अशी दहा वाचतेस आणि ‘छान’ म्हणतेस. ती गाळलेली सात वाक्यं हाच तर विचार होता. वर्गात निदान घरच्या गोष्टी माहीत नसलेल्या एक बाई आणि तीस-चाळीस मुलं असतात. शाळा त्यांचा उपयोग करत नाही, हा भाग वेगळा.

कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या कॅनडातल्या अभ्यासकांनी 1987 सालच्या पुस्तकात लेखनाच्या दोन तऱ्हा सांगितल्या. पहिलीत विषय मिळाला की जे आठवेल ते उतरवायचं, आठवण संपली की लेखन संपलं. मुलं बहुधा असंच लिहितात. (कित्येक अग्रलेखही याच तऱ्हेने लिहिलेले दिसतात, पण ते असो.) दुसऱ्या तऱ्हेत काय म्हणायचं आणि ते कसं म्हणायचं यांची झटापट होते, आणि त्या झटापटीत मूळ म्हणणंच बदलतं. लिहिल्याने विचार सुधारतो असं आपण सरसकट म्हणतो. तो सुधारतो या दुसऱ्या तऱ्हेत. तेव्हा रोज पानभर लिहून घेणं हा उपाय नव्हे. पहिल्या तऱ्हेने शंभर पानं भरली तरी मूल दुसरीत जाईलच असं नाही. माझ्या मते त्याला तिकडे ढकलणारी सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे ज्याला काहीच माहीत नाही असा वाचक.

घरी शिकून लेखक झालेल्यांत बेंजामिन फ्रँकलिनचं नाव हमखास येतं. बोस्टनमधल्या मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्याचा हा मुलगा जेमतेम दोन वर्षं शाळेत गेला. ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातले लेख घेऊन तो वाक्यावाक्याचं टिपण काढी, ते काही दिवस बाजूला ठेवी, मग टिपणावरून लेख पुन्हा लिहून मुळाशी ताडून पाही. कधी टिपणं मुद्दाम विस्कटून ठेवी आणि काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावी, म्हणजे विचारांची मांडणी शिकता येईल. ही युक्ती पुष्कळजण सांगतात. त्याआधी काय घडलं ते मात्र सांगत नाहीत. मुलींना शिक्षण द्यावं की नाही, यावर त्याचा कॉलिन्स नावाच्या मित्राशी पत्रांतून वाद चालला होता. फ्रँकलिन मुलींच्या बाजूने होता. ती पत्रं वडिलांच्या हाती पडली. त्यांनी वादात भाग घेतला नाही. तुझं शुद्धलेखन त्याच्याहून बरं आहे, पण मांडणीत आणि स्पष्टपणात तू मागे पडतोस, हे त्यांनी उदाहरणं दाखवून सांगितलं. फ्रँकलिन सरावाला बसला तो त्यानंतर. आधी न पटणारा वाचक, मग सराव, हा क्रम महत्त्वाचा.

इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. सरकारी शाळांनी नापास केलेल्या मुलांना तिथे लोरेन्झो मिलानी हे पाद्री शिकवत. त्या मुलांनी मिळून लिहिलेलं पुस्तक 1967 साली निघालं. आपल्याकडे ते ‘प्रिय बाई’ म्हणून वाचलं जातं. खिशात वही, सुचेल ते टिपायचं, एकेका चिठ्ठीवर एकेक मुद्दा, मग चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावून प्रकरणं, अशी त्यांची रीत. शेवटची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. मजकूर झाला की ते बाहेरच्या माणसांना बोलावत, शक्यतो कमी शिकलेल्यांना, त्यांच्याकडून तो मोठ्याने वाचून घेत आणि त्यांना कळतंय का ते बघत. आपल्याकडचं उदाहरण याहून शंभरावर वर्षं जुनं आहे. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा पेच ती घालते. तिच्या वस्तीला ते दुःख नव्याने सांगायची गरज नव्हती. ज्यांना ते माहीत नव्हतं किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं त्यांच्यासाठी ते लिहिलेलं आहे, म्हणून ती इतकी धारदार होते. मुलांना युक्तिवाद झेपत नाही म्हणणाऱ्यांना हा निबंध दाखव.

तेव्हा इरासाठी वाचक शोध. दुबईत वाढणाऱ्या मावसभावाला लगोरीचे नियम लिहून पाठवू दे आणि तो तेवढ्यावरून खेळू शकतो का ते पाहू दे. सोसायटीच्या सेक्रेटरींना कुत्र्यांबद्दल अर्ज लिहू दे. ते नकार देतील, तर नकाराला उत्तर लिहू दे. उत्तर येईल असं लेखन हवं. नेहरूंनी 1928 साली दहा वर्षांच्या इंदिरेला पत्रं लिहिली, साने गुरुजींनी पुतणीला लिहिली, आणि ती आपण कौतुकाने वाचतो. पण विचार करण्याचं काम त्यांत मोठ्यांच्या वाट्याला आलं आहे. तुझं काम वाचक मिळवण्याचं आणि तो मिळेपर्यंत अनोळखी माणसासारखं विचारण्याचं: म्हणजे काय? हे कशावरून? ज्याला पटत नाही तो काय म्हणेल? आणि एकच मजकूर दोन आठवडे पुन्हापुन्हा लिहायची मुभा देण्याचं. तासाची घंटा नसणं ही घरी शिकण्यातली खरी श्रीमंती आहे, ती नव्या नव्या विषयांवर उधळू नकोस.

शुद्धलेखनाचं काय, असं तुझ्या सासूबाई विचारतील, आणि ते रास्त आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या अभ्यासकांनी 2007 साली चौथीपासून पुढच्या मुलांवर झालेले लेखनाचे प्रयोग एकत्र तपासले. व्याकरण वेगळं काढून शिकवल्याने लेखन सुधारलं नाही, उलट परिणाम किंचित वाईटच दिसला. आखणी करणं, मजकूर पुन्हा तपासणं, सारांश लिहिणं, लहान वाक्यं जोडून मोठं करणं, यांनी मात्र फायदा झाला. याचा अर्थ ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्यावं असा मी लावत नाही. निम्मं लक्ष जोडाक्षरात अडकलं तर विचाराला उरणार काय? म्हणून अक्षराचा आणि शब्दांचा सराव वेगळा, रोज थोडा. लांब मजकूर असेल तर तिने सांगावा, तू उतरून घ्यावा. चुका शेवटच्या प्रतीत सुधाराव्या, कारण ती परक्याच्या हातात जाणार आहे. हे कारण मुलाला लगेच पटतं.

दुसरा आक्षेप तुमच्याच गोटातून येईल. घरी शिकवण्याचा पुरस्कार करणाऱ्या जॉन होल्टचे वाचक म्हणतील, मागे लागू नका, मूल जसं बोलायला शिकलं तसं लिहायलाही आपसूक शिकेल. मागे लागू नये हे मला मान्य. पण बोलण्याची गरज मुलाला पाळण्यापासून दिसते, लेखनाची गरज अशी दिसत नाही. ज्या घरात सगळे आवाजाच्या अंतरावर आहेत तिथे तर मुळीच नाही. होल्टने 1977 साली ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे पत्रक काढलं, त्यात वाचकांची पत्रंच भरपूर असत. घरी शिकवणारी कुटुंबं एकमेकांना ओळखत नव्हती म्हणून लिहीत होती. सक्ती नको, गरज निर्माण कर.

परीक्षेची काळजी आत्ता करू नकोस. पुढे मुक्त विद्यालयातून दहावीला बसेल तेव्हा पत्राचा मायना आणि सारांशाचा साचा काही महिन्यांत शिकता येतो. मराठी की इंग्रजी, याचं उत्तर ती घरात ज्या भाषेत वाद घालते ती.

राहिला चॅटबॉट. तो इराचा निबंध क्षणात लिहून देईल, ही भीती सगळ्यांनाच आहे. मला दुसरी भीती जास्त वाटते. तिच्या अर्धवट वाक्याचा अर्थ तो तुझ्याइतक्याच मायेने लावून घेईल आणि सुटलेली सातही वाक्यं न विचारता भरून देईल. मसुदा होईपर्यंत तरी त्याला दूर ठेव.

इराने लिहिलेलं मला पाठवीन म्हणतेस, तर इतक्यात नको. मलाही सगळं कळेल. तुमच्या खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय म्हणालीस ना, त्यांच्याकडे आधी दे.

तुझी,
मावशी