एक दिवस मेकाँग शाखेत

शाळेत असताना इंग्रजीच्या मास्तरांनी ‘बँक’ या शब्दाचे दोन अर्थ सांगितले होते. एक, पैसे ठेवण्याची जागा. आणि दुसरा, नदीचा काठ. पहिल्या अर्थाला मी बी. कॉम. झाल्या झाल्या जो चिकटलो तो आज बावीस वर्षं चिकटलेलाच आहे. दुसरा अर्थ मात्र राहून गेला होता. आमच्या गावाला नदी आहे, नाही असं नाही. पण ती दहा महिने रजेवर असते आणि जुलै-ऑगस्टात हजर होऊन मस्टरवर सही तेवढी करून जाते.

दुसऱ्या अर्थाचा योग आला तो साडूंमुळे. साडूंचा भोसरीला छोटासा कारखाना आहे. लग्नाला पंचवीस वर्षं पुरी झाल्याबद्दल त्यांनी सिंगापुराहून निघणाऱ्या जहाजाची चार तिकिटं काढली. “तुम्ही दोघांनी यायचंच. खर्चाचं एक अक्षर बोलायचं नाही!” असा त्यांनी दम भरला. खर्चाचं बोलायचं नाही म्हटल्यावर बँकेतल्या माणसाजवळ बोलायला दुसरं उरतं काय? मी मुकाट्याने रजेचा अर्ज टाकला.

जहाज म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय. फरक इतकाच, की इथली पंगत कधी उठतच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हे कार्यालय व्हिएतनाममधल्या फू मी नावाच्या बंदराला लागलं. इथून एका दिवसात पाहण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. एक, हो ची मिन्ह सिटी, म्हणजे आपण लहानपणी भूगोलात वाचलेलं सायगाव. आणि दुसरी, मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश. साडूंना शहरात खरेदी करायची होती. आमच्या सौ.ने माहितीपत्रकातला फोटो चष्मा पुसून पाहिला आणि विचारलं, “हे माड ना हो?”

“माडच.”

“मग तिकडेच जायचं.”

सौ.चं माहेर गुहागरकडचं. आयुष्यभर नारळ पाहिलेल्या बाईने परदेशी जाऊन पुन्हा नारळच का पाहावेत, असं मी विचारलं. ती म्हणाली, “माहेरची माणसं परदेशात भेटली तर काय तोंड फिरवायचं?” या युक्तिवादापुढे साडूंचीही खरेदी टिकली नाही.

जहाज संध्याकाळी सहाला सुटणार होतं. साडेपाचनंतर येणाऱ्यांनी आपली सोय आपण पाहावी, अशा अर्थाचा कागद आमच्या हाती ठेवण्यात आला. मी तो चारदा वाचून खिशात ठेवला आणि दिवसभर छातीला हात लावून तो आहे ना, हे पाहत राहिलो.

धक्क्यावर मी शंभर डॉलर दिले आणि पंचवीस लाख डोंग हातात पडले. डोंग हे तिथलं चलन, ढोंग नव्हे. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे लाख मोजले. स्वतःचे मोजण्याची ही पहिलीच वेळ. नोटा प्लास्टिकच्या, गुळगुळीत. बोट ओलं करायची सोय नाही. ओलं केलं तर नोट माशासारखी सुटते. सर्वांत मोठी नोट पाच लाखांची, म्हणजे आपल्या सोळाशे-सतराशे रुपयांची. ती निळी. वीस हजारांची, म्हणजे आपल्या पासष्ट-सत्तर रुपयांची, तीही निळी. दोहोंवर पुढे हो ची मिन्हच. मागे मात्र वीस हजारांवर पूल आहे आणि पाच लाखांवर हो ची मिन्ह यांचं लहानपणचं घर. मी साडूंना हे सगळं समजावून सांगितलं. “नीट पाहून द्या हं. नवखा माणूस इथेच फसतो,” असंही म्हणालो. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. साडूंनी ठेवलं होतं.

बसने दोन-अडीच तासांत आम्ही नदीकाठच्या गावी पोचलो. गावाचं नाव मी थो. म्हणजे ‘मी थोर’ म्हणता म्हणता शेवटचं अक्षर विनयाने गिळल्यासारखं. बंदर फू मी, गाव मी थो! या देशात ‘मी’पणा फार असावा, अशी माझी समजूत झाली. संध्याकाळपर्यंत ती साफ उलटी ठरली.

नदी समोर आली आणि मी गप्प झालो. पलीकडचा काठ म्हणजे एक हिरवी रेघ. पाण्याचा रंग थेट आमच्या ऑफिसच्या चहासारखा. होड्यांच्या नाकाडावर दोन मोठे डोळे रंगवलेले. होडीला वाट दिसावी आणि पाण्यातल्या भुताखेतांनी घाबरावं म्हणून, असं गाईड म्हणाला. आमचा गाईड तिशीतला, हसरा, समोरच्या बेन त्रे गावचा. मोटरबोटीत बसल्याबरोबर त्याने नदीचं खातं उघडून दाखवायला सुरुवात केली.

मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते आणि चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया असे देश करत चार हजारांहून अधिक किलोमीटर चालून इथे येते. व्हिएतनामी लोक तिला ‘नऊ ड्रॅगन’ म्हणतात, कारण ती नऊ मुखांनी समुद्राला मिळते. मात्र आज मोजायला बसलं तर नऊ भरत नाहीत. मी म्हटलं, कॅशमध्ये शॉर्टेज इथेही आहेच तर!

पण मला खरा आवडला तो तिचा कंबोडियातला व्यवहार. तिथे तोनले साप नावाचं मोठं सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते, की सरोवरातून येणारी नदी चक्क उलटी वाहू लागते आणि पुराचं पाणी सरोवरात जमा होतं. पाऊस सरला की तेच पाणी परत फिरून खाली या लोकांना मिळतं. म्हणजे चार पैसे हातात असताना मुदत ठेवीत टाकायचे आणि अडचणीच्या दिवसांत काढायचे! आमच्या शाखेतल्या खातेदारांना हे बावीस वर्षांत समजावता आलं नाही. नदीला कोणी न शिकवता समजलं आहे.

आणि पायाखालची ही सगळी जमीन? ती म्हणजे हजारो वर्षांचा साचलेला गाळ. वरच्या मुलखातली माती नदीने चिमूट चिमूट आणून इथे ठेवली, त्या ठेवीवर भात पिकतो, फळबागा वाढतात. व्हिएतनामचा अर्ध्याहून अधिक तांदूळ या पट्ट्यातला. पण ही भूमी समुद्रापासून सरासरी एक मीटरसुद्धा उंच नाही. माझं टेबल त्याहून थोडंच खाली असेल.

बेन त्रेच्या बाजूला उतरलो तो सौ. घरीच आल्यासारखी चालू लागली. माड, केळी, फणस, पाण्याचे पाट, ओट्यावर वाळत घातलेल्या सोडणांचा ढीग. एक माणूस जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळ्यावर नारळ सोलत होता. तीन फटक्यांत नारळ मोकळा! सौ.ने पसंतीची मान हलवली. “आमचे आप्पा दोनात सोलायचे,” एवढंच म्हणाली.

आत नारळाच्या गोळ्या बनत होत्या. नारळाचं दूध, साखर आणि धान्याचा गोड पाक मोठ्या कढईत आटवायचा, लांब पट्ट्या पाडायच्या, कापायच्या आणि गुंडाळायच्या. मी एक गोळी घेऊन वरचा पातळ कागद नखाने सोलू लागलो. पाच मिनिटं सोलत होतो. शेवटी गोळ्या बांधणाऱ्या आजीबाईंनी माझ्या हातातून ती घेतली आणि कागदासकट माझ्या तोंडात कोंबली. तो कागद तांदळाचा होता! तो खायचा असतो. मग गोळी दाताला बसली आणि पुढली वीस मिनिटं मला कोणाच्याही प्रश्नाला उत्तर देता आलं नाही. सौ. त्या आजीबाईंशेजारी बसून गोळ्या गुंडाळू लागली. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला व्हिएतनामी. दोघींचं बोलणं मात्र अखंड चाललं होतं. उठताना सौ. म्हणाली, “आपल्याकडे वडी चिकट झाली की आपण बिघडली म्हणतो. यांनी त्याचाच धंदा केला बघा!”

जेवणाला हत्तीच्या कानासारखा चपटा मासा आला. अख्खा तळून ताटात उभा केलेला. तो माझ्याकडे ऑडिटरसारखा रोखून पाहत होता. त्याचे तुकडे तांदळाच्या पापडात पालेभाजीसह गुंडाळून खायचे. साडू खाता खाता गाईडला म्हणाले, “तुमची मजा आहे बुवा. पाणीच पाणी!”

गाईड हसला, पण थोडं उशिरा. तो म्हणाला, “२०२० साली आमच्या नळाला खारट पाणी येत होतं. आई प्यायला पाणी विकत आणायची.” २०१६ साली असंच झालं होतं. पाऊस कमी, वरून येणारं पाणी कमी, की समुद्र नदीत कित्येक किलोमीटर आत शिरतो. त्यात वरच्या बाजूला धरणं झाली. गाळ तिथेच अडतो. इथे बांधकामासाठी पात्रातली वाळू उपसतात. काठ ढासळतात, जमीन खचते.

मी कॉमर्सचा माणूस. पर्यावरणातलं मला कळत नाही. पण जमा घटत चालली आणि उचल वाढत चालली, तर खात्याचं काय होतं हे मला कोणी शिकवायला नको. गाईडने मात्र हे सारं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. “आता काही लोक भाताऐवजी कोळंबी करतात,” असं म्हणून त्याने मला माशाचा आणखी एक तुकडा वाढला.

मग एका बेटावर मधाचा चहा झाला, फळं झाली, गाणं झालं. या भागातल्या त्या गाण्याला युनेस्कोने २०१३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं आहे. गाणाऱ्या बाईंचा आवाज असा लांबून येत होता, की कोणी पैलतीरावरून हाक मारतंय. साडूंनी तेवढ्यात साप बुडवलेल्या दारूचा एक थेंब जिभेला लावला आणि ते अर्धा तास अंतर्मुख झाले.

शेवटी छोट्या होडीची सफर. ओढा जेमतेम दोन होड्या जातील एवढा. दोन्ही बाजूंनी पाण्यातून उगवलेल्या झावळ्या वर एकमेकींना टेकलेल्या. या झाडाला ते ‘पाण्यातला माड’ म्हणतात आणि त्याच्या झावळ्यांनी घरं शाकारतात. आम्हाला टोकदार टोप्या मिळाल्या. मागे वल्हं मारायला एक पन्नाशीची बाई, गळ्यात आपल्याकडच्यासारखा चौकड्यांचा पंचा. भोवती शांतता. फक्त वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज. चिखलात काहीतरी उड्या मारताना दिसलं आणि सौ. जवळजवळ उभीच राहिली. “अहो, निवट्या! आमच्या खाडीतल्या निवट्या!” होडी हलली, मी दोन्ही हातांनी खिशातला कागद धरला, आणि ती बाई पोटभर हसली.

उतरताना मी तिला ऐटीत वीस हजारांची नोट दिली. मोटरबोट सुटली. चार वाजत आले होते असं नव्हे, पण माझ्या छातीत वाजत होते. इतक्यात मागून हाका. पाहतो तर ती बाई जिवाच्या आकांताने वल्हवत आमच्यामागे येत होती. टिप कमी पडली असणार! मी मान फिरवली. होय, फिरवली, खोटं कशाला सांगू? गाईडने बोट थांबवली. बाईने धापा टाकत निळी नोट वर धरली, उलटी केली आणि मागच्या चित्रावर बोट ठेवलं. घर! पूल नव्हे.

साडूंना कंठ फुटला. “तुम्ही बँकेतच असता ना?”

मी वीस हजारांची नोट शोधून तिच्या हातात दिली. वर आणखी पन्नास हजार द्यायला गेलो, तर तिने पंचाने कपाळ पुसत हात हलवला आणि होडी वळवली. रोजच्या फेऱ्या चुकल्या असत्या तिच्या. ज्या बाईच्या पायाखालची जमीनसुद्धा उद्या राहील की नाही याची खात्री नाही, तिने माझा हिशेब चुकता केला होता.

बसमध्ये सगळे झोपले. मला झोप येईना. चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये जास्त आले होते. कोणाचे, ते मला ठाऊक होतं. सुतळीने बांधलेली गड्डी भरायला आलेले एक भाजीवाले आजोबा. तेवढी एकच गड्डी मी घाईत हाताने मोजली होती. नियमाप्रमाणे रक्कम जादा रोखीच्या खात्यात टाकली. कागदोपत्री सगळं चोख. पुढल्या महिन्यात आजोबा आले. विचारावं असं मनात आलं, पण रांग मोठी होती. मग ते यायचे थांबले. नियम पाळला गेला. आजोबांना काही मिळालं नाही. आणि मी त्यांच्यामागे वल्हं मारत गेलो नाही, एवढं खरं.

जहाज आम्ही पावणेसहाऐवजी सव्वापाचलाच गाठलं. खिशातला कागद घामाने लगदा झाला होता.

परत रुजू झाल्यावर मी जुनं रजिस्टर काढलं, आजोबांचा पत्ता शोधला आणि अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. “इतक्या वर्षांनी हे कशाला उकरताय?” साहेब म्हणाले. पण सही केली. पत्र गेलं आहे. आजोबा अजून आलेले नाहीत. रांगेत चौकड्यांचा पंचा दिसला की मी मान उंच करून पाहतो.

ती पाच लाखांची नोट? तिच्या सौ.ने धक्क्यावर नारळाच्या गोळ्या घेतल्या. शाखेत सर्वांना वाटल्या. “वरचा कागद खायचा असतो,” असं मी ओरडून सांगत होतो, पण हेडकॅशियर नियमाचे पक्के. ते अजून सोलतायत.