काकांचं पित्ताशय परत आलं

मी कॉम्प्युटरचा बी.ई. रेडिऑलॉजिस्ट मंडळी रिपोर्ट लिहितात त्याचं सॉफ्टवेअर बनवतो, एवढाच माझा वैद्यकाशी संबंध. तरी बडोद्यातले निम्मे नातेवाईक सोनोग्राफीच्या फाइली माझ्याकडेच आणतात!

पूर्वी डॉक्टर बोलायचे आणि टायपिस्ट टाइप करायचा. त्या लांबलचक मजकुरात कामाची ओळ शोधावी लागे. स्ट्रक्चर्ड रिपोर्टिंगमध्ये यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, प्रत्येकाला आपापला रकाना. मॅमोग्राफीत ही शिस्त जुनी आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीचं बायरॅड्स १९९३ चं. त्यात ३ म्हणजे गाठ बहुधा साधी, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. ४ म्हणजे बायोप्सी करा. सर्जनला अर्थ लावत बसावं लागत नाही.

पोटाच्या सोनोग्राफीचा साचा मी केला. डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून सगळे रकाने आधीच 'नॉर्मल' भरून ठेवले. बिघाड असेल तेवढंच बदलायचं. सगळे खूश. मला शाबासकीही मिळाली.

एका रविवारी काका फाइल घेऊन आले. "अरे, चमत्कार झाला. २०११ साली काढलेलं पित्ताशय परत आलं माझं!"

रिपोर्टात लिहिलं होतं, पित्ताशय नॉर्मल, खडे नाहीत. ते वाक्य माझंच होतं. खाली मूत्रपिंडातला खडा मात्र मिलिमीटरसकट अचूक नोंदवलेला. काकू हसून हसून बेजार. मग काकांनी सहज विचारलं, "स्वादुपिंड तरी डॉक्टरांनी बघितलंय, की तेही तूच लिहिलंस?"

मला उत्तर देता येईना. चहा तसाच राहिला.

सोमवारी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी काकांना पुन्हा बोलावलं, पैसे न घेता. मी सगळे रकाने रिकामे केले आणि 'शस्त्रक्रियेने काढलेले' हा पर्याय घातला (तो आधी सुचला नव्हता, ही माझीच चूक). आता डॉक्टर कुरकुरतात, "रांग बाहेरपर्यंत आहे. नजर चित्रावर ठेवू की तुझ्या रकान्यांवर?" त्यांचंही खोटं नाही. एकजण तर साचा सोडून पुन्हा टायपिस्टकडे गेले. बोलूनच रकाने भरता यावेत म्हणून सध्या माझी खटपट चालू आहे.

काकांचं स्वादुपिंड ठीक निघालं. नवा रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी आधी मला फोन केला. "या वेळी त्यांनीच लिहिलंय ना रे?"