बंपस जोन्स माहीत आहे का तुम्हाला?

बंपस जोन्स! परवापर्यंत हे नाव मीही ऐकलं नव्हतं आणि आता भेटेल त्याला धरून त्याचीच गोष्ट सांगत सुटलोय. ओहायो राज्यातल्या सीडरव्हिल गावचा पोरगा, मूळ नाव चार्ल्स लिअँडर जोन्स. तारीख 15 ऑक्टोबर 1892, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या नॅशनल लीगच्या हंगामाचा शेवटचा दिवस. चार्ल्स कोमिस्कीच्या सिनसिनाटी रेड्सने या बावीस वर्षांच्या नवख्या पिचरच्या हाती चेंडू दिला. समोर पिट्सबर्ग. मोठ्या लीगमधला त्याचा हा पहिलावहिला सामना, आणि पठ्ठ्याने नो-हिटर टाकला! म्हणजे नऊच्या नऊ डावांत एकाही बॅटरला त्याच्या चेंडूवर एकसुद्धा हिट मिळाली नाही. चार जणांना वॉक, म्हणजे चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस, मिळाला, क्षेत्ररक्षणातल्या चुकीमुळे एक धाव गेली, आणि सामना सिनसिनाटीने 7–1 असा खिशात घातला.

आपल्या नरेंद्र हिरवाणीने 1988 मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजचे सोळा गडी घेतले, तेव्हा जे वाटलं असेल तेच मला हे वाचून वाटलं. आता हा पुढे काय काय करणार! अधाशासारखं पुढचं पान उघडलं, तर काय? 1893 मध्ये सिनसिनाटी आणि न्यू यॉर्क जायंट्स मिळून सात सामने, आणि खेळ खलास. मोठ्या लीगमधले एकूण सामने आठ, विजय दोन, पराभव चार. दर नऊ डावांमागे त्याच्या माथी जवळजवळ आठ धावा!

असं झालं तरी काय? इथेच खरी गंमत आहे. 1892 पर्यंत पिचर आखलेल्या चौकटीत उभा राहायचा आणि त्याचा मागचा पाय होमप्लेटपासून साडेपंचावन्न फुटांवर असायचा. पुढच्या हंगामात चौकट गेली, तिच्या जागी रबराची पट्टी आली, आणि तीही साठ फूट सहा इंचांवर! चेंडू पाच फूट जास्त चालणार, म्हणजे बॅटरला तो हेरायला तेवढा जास्त वेळ. लीगची फलंदाजीची सरासरी एका वर्षात .245 वरून .280 वर गेली. साय यंगसारखे दिग्गज त्या अंतराला सरावले. बंपसला ते मानवलं नाही. जुन्या अंतरावरचा शेवटचा नो-हिटर मात्र कायमचा त्याच्या नावावर राहिला.

दुय्यम लीगमध्ये तो पुढे कितीतरी वर्षं खेळला. पण मला वेड लावलंय ते त्या एका शनिवारने. मोठ्या लीगमध्ये पाऊल ठेवताच, अगदी पहिल्याच सामन्यात नो-हिटर टाकणारा तो आजही एकटाच आहे. आणि हा विक्रम मोडायचा कसा, सांगा? पहिला सामना प्रत्येकाच्या वाट्याला एकदाच येतो. फार तर कुणी बंपसची बरोबरी करील. पुढे जाणं कुणालाच शक्य नाही!